आप्पांची आगगाडी आणि बोटावरची जखम

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्याची वेळ संपत आली होती. उद्यमनगरातले एक जुने ओळखीचे गृहस्थ मुलाबरोबर आत आले. वय एकोणसत्तर. उभे आयुष्य फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवण्यात गेलेले. आपण त्यांना आप्पा म्हणू. आप्पा खुर्चीवर टेकायच्या आत मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. या वयात आगगाड्या खेळत बसतात. आता पाय भाजून घेतलाय."

उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर हरभऱ्याएवढी जखम होती. कडा काळपट, आत ओलसर. दहा दिवस झाले तरी भरत नव्हती.

आप्पांचा आगगाडीचा नाद मला ठाऊक होता. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष त्यांना फार जड गेले. झोप नाही, भूक नाही, कुणाशी बोलणे नाही. पुढे मुलीकडे इंग्लंडला गेले, तेव्हा जावयाने त्यांना यॉर्कचे रेल्वे संग्रहालय दाखवले. तिथे 'मॅलार्ड' नावाचे निळे इंजिन आहे. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाने धावले. वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम मानला जातो. येताना आप्पांच्या बॅगेत त्या इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती होती. मूळ इंजिनाच्या शहात्तराव्या हिश्श्याएवढी, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर पळणारी.

तेव्हापासून माडीवरच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर स्टेशन उभे राहिले. आप्पा पुन्हा जेवू लागले, झोपू लागले.

मिरजेची छोटी गाडी

विकतच्या गाड्यांवर मात्र आप्पांचे समाधान होईना. लहानपणी ते आईबरोबर मिरजेहून पंढरपूरला छोट्या गाडीने जात. ही बार्शी लाइट रेल्वे. रूळ अडीच फूट रुंदीचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती मिरजेपर्यंत आली. हाच कॅलथ्रॉप नंतर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात तेवढ्याच रुंदीच्या एका रेल्वेचा सल्लागार झाला. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. म्हणजे आधी आपली बार्शी, मग त्यांचे स्टॅफर्डशायर! हे सांगताना आप्पांचा चेहरा फुलून येतो.

आज मिरज-पंढरपूर मार्गावर ब्रॉडगेज आहे. ती छोटी गाडी बाजारात विकत मिळत नाही, म्हणून आप्पांनी ती पितळी पत्र्यातून स्वतः करायला घेतली. पत्रा जोडायला सोल्डरिंग आले. त्याचे टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. वितळलेला एक थेंब खाली अनवाणी पायावर पडला, आणि ही जखम झाली.

"कळलंच नाही बघा"

खरे सांगतो, "आप्पा, आता हे बंद करा" हे वाक्य माझ्याही ओठांवर आले होते. मलमपट्टी करता करता सहज विचारले, "थेंब पडला तेव्हा केवढ्यानं ओरडला असाल?"

"नाही ओ डॉक्टर. कळलंच नाही बघा. संध्याकाळी सूनबाईनं बघितलं, तेव्हा समजलं."

वाचकहो, माझा हात तिथेच थांबला. वितळलेला धातू पायावर पडतो आणि माणसाला कळत नाही, याचा अर्थ काय?

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या एका बारीक तंतूने दोन्ही तळवे ठिकठिकाणी टोचून पाहिले. दहा ठिकाणांपैकी सहा ठिकाणी आप्पांना स्पर्श समजला नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासले. साखर २१४. ही १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह समजतात, मात्र त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ९.८ टक्के आली. तिथे ६.५ ला मधुमेहाची हद्द सुरू होते.

सात वर्षांपूर्वी कुणीतरी "साखर जरा काठावर आहे" असे सांगितले होते. आप्पांनी महिनाभर चहा बिनसाखरेचा घेतला आणि विषय संपवला.

मधुमेह बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला, की मज्जातंतू निकामी होऊ लागतात. सुरुवात सर्वांत लांबच्या तंतूंपासून, म्हणजे पायाच्या बोटांपासून होते. कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या तळव्यांची आग होते, तर कुणाला काहीच वाटत नाही. हा तिसरा प्रकार धोक्याचा. दुखत नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते आणि शेवटी बोट, कधी पाऊल कापायची वेळ येते. आप्पांच्या आगगाडीने पाय भाजला खरा, पण तिनेच हा आजार उघडकीला आणला.

नाद बंद करायचा का?

मुलाला मी बाजूला घेऊन सांगितले, "गाडी बंद करायची नाही. गोळ्या मी देतो, पण ती गाडीही त्यांच्या औषधातच धरा." माणसाला छंद असणे ही चैन नव्हे. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात सोळा देशांतल्या, पासष्टीपुढच्या सुमारे ९३ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्यांत उदासीनतेची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. छंदामुळेच तसे होते, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण आप्पांचे ते पहिले वर्ष मी पाहिले आहे. आणि आगगाडीचा नाद पोरखेळ वाटत असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, ते एकदा पाहून यावे.

पुढच्या रविवारी मी माडीवर जाऊन आप्पांची खोली पाहिली आणि काही नियम घालून दिले. बारीक हातकाम करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडतील.

पायात बंद बूट आणि सुती मोजे घालूनच कामाला बसावे. पाय बधिर असलेल्या माणसाने उघडी चप्पल वापरू नये. कोल्हापुरात बसून हे सांगणे धाडसाचे आहे, पण इलाज नाही. सोल्डरिंग उघड्या खिडकीजवळ करावे आणि धूर तोंडावर येणार नाही असा पंखा लावावा. त्या धुरातल्या राळेने दम्याचा त्रास होऊ शकतो. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि लहान मुलांना जवळ बसवू नये. डोळ्यांना ताण देण्यापेक्षा जवळचा चष्मा आणि चांगला दिवा घ्यावा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

जखम भरायला सात आठवडे लागले. बोट वाचले. बधिरपणा मात्र गेला नाही, तो बहुधा जाणारही नाही. साखर आटोक्यात ठेवून तो वाढू न देणे, एवढेच आपल्या हाती असते. सात वर्षांपूर्वी उपचार सुरू झाले असते तर कदाचित ही वेळ आली नसती, हे आप्पांना मी स्पष्ट सांगितले. त्यांनी मान खाली घातली.

दिवाळीत त्यांनी मला माडीवर बोलावले. पितळी इंजिन दोन डबे घेऊन फळीला वळसा घालून आले. आप्पांच्या पायात काळे बूट होते. शेजारी खुंटीवर एक छोटा आरसा टांगलेला. "हा कशाला?" मी विचारले. "तुम्हीच सांगितलं न्हवं, रोज रात्री तळवे बघायचे म्हणून? खाली वाकवत नाही ओ आता."

वाचकहो, आपल्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे दिव्याखाली पाहा. बोटांच्या बेचक्याही पाहा. फोड, चीर, काळसर डाग दिसला तर तो दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि चाळिशी उलटूनही कधी साखर तपासली नसेल, तर या आठवड्यात तपासून घ्या.