दोर ओढला की परतीची वाट बंद: घळ उतरण्याआधीचं नियोजन

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग काशीदहून. समोर समुद्र, मागे फणसाडचं जंगल. इथला कोळी तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. घळीतलं पाणी मात्र तिथी बघून येत नाही. आजचा विषय तोच: कॅन्यनिंग, म्हणजे दोराने अरुंद घळ वरून खाली उतरणं.

युरोपात हा खेळ बऱ्याचदा चुनखडीच्या घळींत चालतो. आपल्याकडे बेसॉल्टचा काळा कातळ. ओळखीचं उदाहरण म्हणजे अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळची सांदण दरी. दोन्ही खडकांत फरक काय? चुनखडीत पाणी भेगांतून मुरतं आणि कधीकधी भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. उघड्या बेसॉल्टवर ते फारसं मुरत नाही, थेट घळीत उतरतं. नियम मात्र एकच: डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, पाणलोटावरचं बघा. 20 ऑगस्ट 2018 रोजी इटलीतल्या रागानेल्लो या चुनखडीच्या घळीत अचानक लोंढा आला आणि 10 जणांचा जीव गेला.

म्हणून पहिला प्रश्न दोराचा नाही, बाहेर पडण्याचा. नकाशावर पाणलोट किती मोठा, घळीतून मध्येच कुठे निघता येतं, हे आधी बघा. गावातल्या माणसाला विचारा, 'दादा, वर पाऊस झाला तर इथं पाणी कुठवर चढतं?' सांदणमध्ये पावसाळ्यात उतरायचंच नाही.

आता दोर. सांदणचा पहिला मोठा टप्पा साधारण 45 फुटांचा. दोर दुहेरी लावून नंतर खाली ओढून घ्यायचा, तर किमान 90 फूट हवा, वर अँकरसाठी आणि गाठींसाठी जास्तीचा. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून सुटत नाही. वाहत्या धबधब्यात मात्र ती गाठच घातक! गाठीशी अडकलेला माणूस पाण्याच्या माऱ्याखाली राहतो. तिथं दोर डोहाच्या पाण्याला जेमतेम टेकेल इतकाच सोडतात. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून शिट्टीच्या खुणा वरच ठरवा.

वेळेचा हिशोबही करा. एका माणसाला उतरायला 10 मिनिटं धरली, तर 12 जणांना एकाच टप्प्यावर दोन तास. असे तीन टप्पे म्हणजे सहा तास, अंधार पडलाच!

आणि शेवटचं. पहिला दोर खाली ओढायच्या आधी सगळ्यांनी थांबा. आभाळ, घड्याळ, दमलेला गडी, तिन्ही बघा. त्या क्षणापर्यंत माघारी फिरणं म्हणजे थोडी चाल. त्यानंतर मागची वाटच उरत नाही. एकानेही 'नको' म्हटलं, तर फिरा. पैसे भरलेत, सुट्टी काढलीय, हे कारण घळीला कळत नाही.

तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!