पुस्तक फ्रेंच, पुरस्कार इंग्रजीला : कॅनडाच्या गव्हर्नर जनरल पुरस्कारांची गोष्ट

साल १९४७. गॅब्रिएल रॉय नावाच्या लेखिकेच्या पहिल्याच कादंबरीला दोन देशांत मोठे पुरस्कार मिळाले. पॅरिसमध्ये 'प्री फेमिना' मिळाला आणि त्यांच्या स्वतःच्या देशात, म्हणजे कॅनडात, गव्हर्नर जनरलच्या नावाने दिला जाणारा साहित्य पुरस्कार.

आता यातली गोम बघा. रॉय यांनी कादंबरी लिहिली होती फ्रेंचमध्ये. पॅरिसने गौरव केला तो त्या मूळ फ्रेंच पुस्तकाचा. कॅनडाने मात्र पुरस्कार दिला तो कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराला, 'द टिन फ्लूट'ला.

म्हणजे लेखिका कॅनडाची, गोष्ट माँट्रियलच्या सँ-आँरी या कामगारवस्तीतली, भाषा तिथल्याच लाखो लोकांच्या घरातली. तरी आपल्याच देशाचा पुरस्कार मिळवायला पुस्तकाला आधी इंग्रजीत यावं लागलं.

असं का झालं? आणि आज परिस्थिती काय आहे? सुरुवातीपासून बघूया.

सुरुवात केली एका कादंबरीकाराने

गव्हर्नर जनरल म्हणजे कॅनडात ब्रिटिश राजघराण्याचा प्रतिनिधी. १९३५ मध्ये या पदावर आले लॉर्ड ट्वीड्सम्युअर. हे त्यांचं पदवीचं नाव. वाचक त्यांना ओळखायचे ते जॉन बकन या नावाने. 'द थर्टी नाइन स्टेप्स' ही गाजलेली थरारक कादंबरी त्यांचीच. त्यावर आल्फ्रेड हिचकॉकने सिनेमाही काढला.

कॅनडातल्या लेखकांच्या संघटनेने या लेखक-गव्हर्नरला गाठलं आणि त्यांच्या पदाच्या नावाने पुरस्कार सुरू केले. १९३६ मध्ये आलेल्या पुस्तकांना पहिले पुरस्कार मिळाले. तेव्हा रोख रक्कम वगैरे काही नव्हती. मान होता, तेवढाच.

पण मान कुणाला, तर इंग्रजी पुस्तकांना. फ्रेंच पुस्तकासाठी दार पूर्ण बंद नव्हतं, पण त्याचं इंग्रजी भाषांतर झालेलं असेल तरच ते उघडायचं. मूळ फ्रेंच पुस्तक स्पर्धेतच नव्हतं.

एक योगायोग तर फारच बोलका आहे. १९४५ चा कादंबरीचा पुरस्कार मिळाला ह्यू मॅक्लेनन यांच्या 'टू सॉलिट्यूड्स'ला. नावाचा अर्थ दोन एकांत. कॅनडातले इंग्रजी आणि फ्रेंच भाषक एकाच देशात राहून एकमेकांपासून कसे तुटलेले आहेत, याची ही कादंबरी. पुढे ते नाव म्हणजे या दुराव्यासाठीचा वाक्प्रचारच झाला. आणि रॉय यांची मूळ फ्रेंच कादंबरी आली तीही १९४५ मध्येच. दुराव्यावरच्या इंग्रजी कादंबरीला पुरस्कार मिळाला, आणि त्या दुराव्याच्या पलीकडे राहणाऱ्यांच्या भाषेतलं पुस्तक भाषांतराची वाट बघत दोन वर्षं बाहेर थांबलं.

शाळेपासूनच सुरू झालेली गोष्ट

रॉय यांच्यासाठी हा अनुभव नवा नव्हता. त्यांचा जन्म १९०९ चा, मॅनिटोबा प्रांतातल्या सँ-बोनिफासचा. घरात फ्रेंच, गल्लीत फ्रेंच. पण १९१६ मध्ये प्रांताने कायदा करून इंग्रजी हेच शाळेचं माध्यम ठरवलं. फ्रेंच शिकवणं चालू राहिलं ते चोरूनमारून. रॉय अशाच काळात शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या.

त्यांना दुसरा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला १९५७ चा. तोही फ्रेंच पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरालाच, 'स्ट्रीट ऑफ रिचेस'ला.

१९५९ ला नियम बदलला

१९५७ मध्ये कॅनडा सरकारने कलांना मदत करण्यासाठी 'कॅनडा कौन्सिल' ही संस्था स्थापन केली. १९५९ पासून पुरस्कारांचं काम तिच्याकडे आलं आणि फ्रेंच पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाले. आंद्रे जिरू यांच्या कादंबरीला फ्रेंच कथासाहित्याचा पहिला पुरस्कार मिळाला.

लक्षात घ्या, इंग्रजी आणि फ्रेंचला देशाच्या पातळीवर अधिकृत भाषा म्हणून बरोबरीचा दर्जा देणारा कायदा झाला १९६९ मध्ये. म्हणजे पुरस्कारांनी ही बरोबरी दहा वर्षं आधीच मान्य केली होती.

मग फ्रेंच लेखक खूश झाले असतील? सगळे नाही.

'नको तुमचा पुरस्कार'

साठच्या दशकात क्यूबेक प्रांत बदलत होता. आपली भाषा, आपले उद्योग, आपलं सरकार, इथपासून सुरू झालेली चर्चा वेगळ्या देशाच्या मागणीपर्यंत पोचली होती. अशा वातावरणात ब्रिटिश राजसत्तेच्या प्रतिनिधीच्या नावाचा पुरस्कार घेणं काही लेखकांना पटेना.

१९६८ च्या पुरस्कारांच्या वेळी कादंबरीकार ह्यूबेर आकँ यांनी पुरस्कार नाकारला. ते क्यूबेकच्या स्वातंत्र्याचे उघड समर्थक होते. त्याच वर्षी इंग्रजीतल्या एका कवीनेही नकार कळवला. त्याचं नाव लेनर्ड कोहेन. हो, 'हालेलुया' गाणारा तोच. माझ्यातल्या बऱ्याचशा भागाला हा सन्मान हवा आहे, पण माझ्या कविताच तो घेऊ देत नाहीत, अशा अर्थाचा निरोप त्याने पाठवला होता. त्याच वर्षी पहिल्या पुस्तकासाठी पुरस्कार घेणाऱ्यांत ॲलिस मन्रो होत्या. त्यांना पुढे २०१३ मध्ये नोबेल मिळालं.

१९७० मध्ये क्यूबेकमधल्या सशस्त्र गटाने एक ब्रिटिश अधिकारी आणि एक प्रांतिक मंत्री यांचं अपहरण केलं. मंत्र्याचा खून झाला. केंद्र सरकारने युद्धकाळासाठीचा कायदा लागू केला आणि शेकडो लोकांना आरोप न ठेवताच अटक झाली. निषेध म्हणून कवी फेर्नां उएलेत यांनी त्या वर्षीचा पुरस्कार नाकारला. पंधरा वर्षांनी, १९८५ मध्ये, याच उएलेत यांनी कादंबरीसाठीचा पुरस्कार स्वीकारला.

यातून एक गोष्ट कळते. भाषेला जागा दिली म्हणून मनातली अढी लगेच जात नाही. पुरस्कार कुणाच्या नावाने दिला जातो, हाही प्रश्न असतोच.

मग भाषांतराचं काय झालं?

पूर्वी भाषांतर म्हणजे फ्रेंच पुस्तकाला आत येण्याचा पास होता. १९८७ पासून या पुरस्कारांत भाषांतराचा स्वतंत्र विभाग आला, दोन्ही बाजूंनी. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून फ्रेंचमध्ये. शीला फिशमन यांनी क्यूबेकची शंभराहून जास्त पुस्तकं इंग्रजीत नेली आहेत. त्यांना १९९८ मध्ये हा पुरस्कार मिळाला. भाषांतर आता पास राहिलं नाही. ते स्वतःच एक मानाचं काम ठरलं.

पण भाषा इतक्या सरळ रांगेत उभ्या राहत नाहीत. नॅन्सी ह्यूस्टन या कॅलगरीत जन्मलेल्या, पॅरिसमध्ये राहणाऱ्या लेखिका. त्यांनी एक कादंबरी इंग्रजीत लिहिली आणि मग स्वतःच ती फ्रेंचमध्ये पुन्हा लिहिली. १९९३ मध्ये त्या फ्रेंच पुस्तकाला फ्रेंच कथासाहित्याचा पुरस्कार मिळाला आणि क्यूबेकचे प्रकाशक भडकले. मूळ इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक फ्रेंच विभागात कसं, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे १९४७ चाच प्रश्न उलट बाजूने आला : पुस्तकाची खरी भाषा कोणती?

आज पुरस्कार कसा ठरतो?

आज सात विभाग आहेत : कथासाहित्य, ललितेतर गद्य, कविता, नाटक, मुलांसाठीचं लेखन, मुलांसाठीची सचित्र पुस्तकं आणि भाषांतर. प्रत्येक विभागात एक इंग्रजी आणि एक फ्रेंच, असे एकूण १४ पुरस्कार. विजेत्याला २५,००० कॅनेडियन डॉलर मिळतात. अंतिम यादीतल्या बाकीच्यांना प्रत्येकी १,००० डॉलर. विजेत्या पुस्तकाच्या प्रकाशकालाही प्रचारासाठी ३,००० डॉलर दिले जातात. निवड लेखक, भाषांतरकार, चित्रकार अशा त्याच क्षेत्रातल्या मंडळींच्या समित्या करतात. दोन्ही भाषांच्या समित्या वेगळ्या.

लेखक कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असला की पुरे. गोष्ट कॅनडात घडली पाहिजे अशी अट नाही. म्हणूनच १९९१ चा इंग्रजी कथासाहित्याचा पुरस्कार मिळाला तो अस्सल मुंबईच्या गोष्टीला. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी'. मिस्त्री मुंबईत जन्मले, १९७५ मध्ये कॅनडाला गेले. कादंबरी १९७१ च्या मुंबईतल्या एका पारशी बँक कर्मचाऱ्याची. हे तेच पुस्तक, जे २०१० मध्ये विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढलं. कॅनडाने ज्याला आपलं म्हटलं, ते ज्या शहराची गोष्ट सांगतं तिथेच ते नकोसं झालं.

पण मिस्त्रींना हे दार उघडं होतं, कारण ते इंग्रजीत लिहितात. टोरांटोत बसून कुणी मराठीत किंवा पंजाबीत कितीही चांगली कादंबरी लिहिली, तरी तिच्यासाठी इथे विभाग नाही. आपली साहित्य अकादमी २४ भाषांना पुरस्कार देते. कॅनडाची यादी दोनवर थांबते.

ज्या भाषा सगळ्यात आधी होत्या

स्थलांतरितांचं एक वेळ बाजूला ठेवू. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच पोचण्याआधीपासून बोलल्या जाणाऱ्या आदिवासींच्या भाषा आहेत. तिथल्या जनगणनेत अशा ७० हून जास्त भाषांची नोंद होते. या समाजांतले लेखक पुरस्कार मिळवतात. इनुइट लेखिका नॉर्मा डनिंग यांच्या कथासंग्रहाला २०२१ चा पुरस्कार मिळाला. पण तोही इंग्रजी विभागात. त्यांच्या भाषांसाठी वेगळा विभाग नाही.

२०२१ मध्येच मेरी सायमन गव्हर्नर जनरल झाल्या. या पदावरच्या पहिल्या आदिवासी व्यक्ती. त्यांना इंग्रजी आणि इनुक्तिटूत येते, फ्रेंच येत नव्हतं, म्हणून तक्रारी झाल्या. सायमन यांनी सांगितलं की लहानपणी ज्या सरकारी शाळेत शिकले, तिथे फ्रेंच शिकण्याची सोयच नव्हती. रॉय यांच्या शाळेची आठवण झाली ना? भाषा वेगळी, शाळेचा दरवाजा तसाच. आणि ज्यांच्या पदाच्या नावाने हे पुरस्कार दिले जात होते, त्यांच्याच मातृभाषेसाठी त्यात विभाग नव्हता.

तिसरा पुरस्कार

गॅब्रिएल रॉय यांची गोष्ट मात्र अजून पूर्ण झालेली नाही. त्यांना तिसरा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला १९७७ चा. पुस्तकाचं नाव 'सेझाँफाँ द मा व्ही', म्हणजे माझ्या आयुष्यातली ही मुलं. मॅनिटोबातल्या एका तरुण शिक्षिकेच्या गोष्टी. यावेळी मध्ये भाषांतर नव्हतं. फ्रेंचमध्ये लिहिलेल्या पुस्तकाला फ्रेंच पुस्तक म्हणूनच पुरस्कार मिळाला.

पहिल्या पुरस्कारापासून इथवर यायला तीस वर्षं लागली. लेखिका तीच, भाषाही तीच. बदलला होता तो नियम.

२००४ मध्ये कॅनडाने वीस डॉलरची नवी नोट काढली. तिच्या मागच्या बाजूला रॉय यांच्या एका कादंबरीतलं वाक्य छापलं होतं, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, दोन्ही. ज्या भाषेला एकेकाळी पुरस्काराच्या दारात थांबावं लागलं, ती आता लोकांच्या खिशात होती.

नियम माणसं करतात आणि माणसंच बदलतात. इनुक्तिटूतमध्ये लिहिणाऱ्या एखाद्या लेखिकेला किती वर्षं थांबावं लागेल, हा प्रश्न तेवढा बाकी आहे.