पालवा बंदर: बोटीत बसायची जागा की हवा खायची?

नाशिकमधल्या कुठल्याही शाळेची सहल मुंबईला गेली की गेटवे ऑफ इंडिया ठरलेलाच. पहाटेची गाडी, राणीची बाग, म्युझियम आणि संध्याकाळी गेटवेचा कठडा. तिथं निम्मी पोरं लाँचमध्ये बसायला रांग लावतात आणि उरलेली खारे दाणे खात नुसती लाटा बघत बसतात.

ही दोन कामं एकाच जागेवर कशी आली, याची गोष्ट मोठी आहे. आणि ती सुरू होते इंग्लंडमध्ये.

इंग्लंडचे बरेच किनारे उथळ. ओहोटी लागली की पाणी लांब मागं सरकतं, मग बोट लावायची कुठं? म्हणून समुद्रात आत जाणारे लांबच लांब धक्के बांधायला सुरुवात झाली. वाइट बेटावरच्या राइड गावात 1814 साली असा धक्का उभा राहिला. हेतू साधा होता, उतारूंचे पाय भिजू नयेत.

पण लोक बोट नसतानाही त्या धक्क्यावर फिरायला येऊ लागले. पाय कोरडे ठेवून समुद्राच्या मधोमध उभं राहायचं, याचं त्यांना अप्रूप. पुढं रेल्वे आली, 1871 च्या कायद्यानं बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या आणि लंडनचा कारकून, कामगार एका दिवसाच्या सहलीला समुद्रावर पोचू लागला. धक्क्याच्या मालकांनी दारात फिरतं फाटक बसवलं, चार पैसे घेऊन लोकांना आत सोडलं, आत बँड आणि नाटकं आणली. बोटी राहिल्या बाजूला. साउथएंडचा धक्का तर दोन किलोमीटरहून लांब, त्यावर चक्क रेल्वे धावते.

हे धक्के वाळूत उभे राहिले ते एका अंध माणसाच्या डोक्यामुळं. आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेलनं लोखंडी खांबाच्या टोकाला मोठ्या स्क्रूसारखं पातं बसवलं. खांब ठोकायचा नाही, पिळत पिळत वाळूत उतरवायचा. हीच युक्ती भारतातही आली. मद्रासचा 1861 चा लोखंडी धक्का आणि मुंबई-बडोदा रेल्वेवरचे पूल मिचेलच्या खांबांवर उभे राहिले. ब्रायटनचा प्रसिद्ध वेस्ट पिअर (1866) बांधणारा युजेनियस बर्च त्याआधी आपल्याकडं कलकत्ता-दिल्ली रेल्वेच्या कामावर होता.

मग मुंबईत असा मौजेचा धक्का का झाला नाही?

खरं तर गरजच नव्हती. मुंबईच्या पूर्वेला नैसर्गिक बंदर आहे, बेटाच्या आडोशाला शांत पाणी आहे. दगडी बंदरं बांधली की काम भागायचं. कोकणात जाणाऱ्या माणसासाठी भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का होता. तिथं गर्दी, गाठोडी, आंब्याच्या पेट्या. हवा खायला तिथं कोण जाणार?

हवा खायला साहेब जायचा पालवा बंदरावर. इंग्रजांनी त्याचं अपोलो बंदर केलं. ग्रीक देवाचा याच्याशी काही संबंध नाही. पालव नावाच्या होड्या किंवा पाला मासा, यांपैकी कशावरून तरी ‘पालवा’ आलं असं मानतात. सरकारनं वेलिंग्टन पिअर असं नवं नाव देऊन पाहिलं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संध्याकाळी इथं बग्ग्या लागायच्या. शेजारी यॉट क्लब, पण त्याचं सभासदत्व भारतीयांना नव्हतं. 1903 साली समोर ताजमहाल हॉटेल उघडलं.

म्हणजे इंग्लंडमध्ये धक्क्यानं सामान्य माणसाला समुद्र दिला आणि इथं त्याच काळात समुद्राकाठची सगळ्यात चांगली जागा साहेबाची झाली.

मग 1911 मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले. कमान तेव्हा बांधलेलीच नव्हती, राजाला पुठ्ठ्याची प्रतिकृती बघावी लागली असं सांगतात. 1913 मध्ये पायाभरणी झाली, जॉर्ज विटेटनं आराखडा केला, भराव घालून समुद्र मागं ढकलला आणि 4 डिसेंबर 1924 ला गेटवे खुला झाला. खर्च सुमारे 21 लाख. कमानीकडं येणारा सरळ रस्ता मात्र पैशाअभावी राहून गेला. म्हणून आजही गेटवे रस्त्याला तिरका वाटतो.

या कमानीतून येण्यापेक्षा जाणं जास्त गाजलं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत घरी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सैनिक महिनोन् महिने पडून असायचे. कंटाळून डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेतून निघून गेली. कठडा लोकांचा झाला.

तिकडं इंग्लंडमधले धक्के थकत गेले. 1940 मध्ये जर्मन उतरतील या भीतीनं अनेक धक्क्यांचा मधला भाग तोडला होता. ब्रायटनचा वेस्ट पिअर 1975 ला बंद पडला आणि 2003 च्या आगींनंतर समुद्रात नुसता लोखंडी सांगाडा उरला.

मुंबईत मात्र आता नवा धक्का होतोय. गेटवेवरून एलिफंटा आणि मांडव्याला जाणाऱ्यांची गर्दी जुन्या पायऱ्यांना पेलत नाही. ओल्या पायऱ्यांवरून हलत्या लाँचमध्ये म्हातारं माणूस चढवून बघा, मग कळतं. म्हणून रेडिओ क्लबजवळ 229 कोटींची प्रवासी जेट्टी घेतली. आराखड्यात कॅफे आणि अँफिथिएटरही होतं. कुलाब्याचे रहिवासी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, वारसा जागेचं काय आणि रस्त्यावरच्या गर्दीचं काय?

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जेट्टीला परवानगी दिली, पण अटी घातल्या. अँफिथिएटर फक्त बोटीची वाट बघणाऱ्या प्रवाशांना बसायला, करमणुकीचे कार्यक्रम नाहीत. कॅफेत पाणी आणि पाकीटबंद खाणं, टेबलावर जेवण नाही. सुप्रीम कोर्टानंही सप्टेंबरमध्ये यात हात घातला नाही.

तेव्हा नव्या जेट्टीवर बसून समुद्र बघायचा तर बोटीचं तिकीट लागणार. खारे दाणे खायला जुना कठडा आहेच.