बदलानंतर सुरू न होणारा लॅपटॉप

इंग्लंडमध्ये तयार झालेला एचईसी-२एम हा संगणक १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाला. भारतातील हा पहिला अंकीय संगणक होय. त्याच्या स्मृतीत अवघे १०२४ शब्द मावत. त्याची मंडले निर्वात नलिकांची होती, आणि एखादी नलिका निकामी झाली तर ती शोधून तेवढीच बदलता येई.

आज त्याच शहरातील चांदनी चौकाच्या बाजारात लॅपटॉपसाठी रॅमची पट्टी किंवा एसएसडी विकत मिळते. जुन्या यंत्राचे आयुष्य वाढविण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. परंतु नवा भाग बसवून झाकण लावावे आणि यंत्र सुरूच होऊ नये, असेही घडते. मदरबोर्ड जळाला अशी समजूत करून घेऊन मग ते भंगारात काढले जाते. वस्तुतः दोष बहुधा नुकताच जिथे हात लागला तिथेच असतो.

प्रथम लक्षण नीट पाहावे. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, याचा अर्थ वीज पोहोचते आहे. संशय रॅमवर घ्यावा. नवी रॅम ओळखण्यास काही यंत्रांना पहिल्या वेळी दोन-चार मिनिटे लागतात, म्हणून थोडे थांबणे इष्ट. दिवाही लागत नसेल, तर चार्जर, बॅटरीची जोडणी आणि कळीकडे जाणारी चपटी पट्टीवजा तार तपासावी. झाकण उघडताना ही तार खाचेतून निसटते, आणि कळ कितीही दाबली तरी संदेश पुढे जात नाही.

यानंतर चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि चालू करण्याची कळ सुमारे तीस सेकंद दाबून ठेवावी. त्यामुळे मंडलात उरलेला विद्युत्भार निघून जातो. मग नवा भाग काढून जुना पूर्ववत बसवावा. यंत्र सुरू झाले, तर मदरबोर्ड शाबूत आहे हे सिद्ध होते आणि शंका नव्या भागापुरतीच उरते. तो भाग तिरपा धरून खाचेत पूर्ण सरकवावा आणि मग खाली दाबावा. दोन्ही बाजूंच्या पकडी आवाज करून बसल्या पाहिजेत. तरीही यंत्र सुरू न झाल्यास मेळ पाहावा. डीडीआर३ प्रकारची रॅम १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवरही चालते. दोन्ही एकाच खाचेत बसतात. मात्र केवळ कमी दाब पुरविणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली चालेलच असे नाही.

एका वेळी एकच बदल करावा. रॅम आणि एसएसडी एकदम बदलल्यास दोष कोणाचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला, तर मात्र प्रयोग तेथेच थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबल्यास वा टोचल्यास पेट घेऊ शकते. यंत्र कारागिराकडे नेताना कोणता भाग बदलला हे स्पष्ट सांगावे आणि जुना भागही सोबत न्यावा. एसएसडी सुटी असेल, तर लॅपटॉप बंद पडला तरी तीवरील छायाचित्रे व कागदपत्रे बहुधा सुरक्षित असतात. ती दुसऱ्या यंत्रात उतरवून घेण्यापूर्वी लॅपटॉप मोडीत देऊ नये.