काळ्या ग्रीसमधील पापुद्रे

भोर-वेल्ह्याच्या घाटरस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यांना काळे ‘मॉली ग्रीस’ परिचयाचे असते. त्यातील काळा पदार्थ म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड. अभ्रकाप्रमाणे त्याची रचना थरांची असते. थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून यंत्राची झीज कमी होते. हाच पदार्थ अर्धवाहकही आहे. त्यातील विजेचा प्रवाह हवा तेव्हा सोडता व रोखता येतो. त्याचा सुटा पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. अशा पापुद्र्यांपासून वाकणारी, हलकी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घडविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कोन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून एका अणूच्या जाडीचा पापुद्रा मिळविला. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंतु चिकटपट्टीवर कारखाना चालत नाही. २०११ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जोनाथन कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे थरांचे पदार्थ द्रावकात घालून, ध्वनिलहरींच्या आघाताने त्यांचे पापुद्रे सुटे केले. अशा द्रवाची शाई करता येते आणि ती प्लॅस्टिकवरही छापता येते. सिलिकॉनसाठी लागते तेवढी भट्टीची उष्णता येथे लागत नाही.

अडचण होती ती मालाच्या एकसारखेपणाची. पापुद्रे जाड-पातळ निघत आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना वीज अडखळे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी विजेच्या साहाय्याने थरांमध्ये मोठे रेणू शिरविले. फुगलेले थर मग हलक्या आघातानेच सुटले आणि पापुद्रे बऱ्याच अंशी एकसारखे मिळाले. तरीही संगणकाच्या मुख्य चिपची जागा ही शाई आज घेऊ शकत नाही. ‘नॅनो’ हा शब्द ऐकताच भांडवल गुंतविणाऱ्याने प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्यातील उत्पादन यांतील हे अंतर ध्यानी घ्यावे.

खतावणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या कामी वापरला जाणारा एन-मिथाइल पायरोलिडोन हा द्रावक गर्भाला अपायकारक आहे. त्याऐवजी पाणी किंवा अल्कोहोल वापरण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही. ती कमीत कमी ठेवणे हे त्याचे कर्तव्य होय.

भोरपासून पुणे सुमारे ५० किलोमीटर. तेथील पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी ‘सी-मेट’ ही संस्थाही आहे. व्यापारी घरांतील रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींना हे क्षेत्र दूरचे नाही. उद्या असा कारखाना या परिसरात उभा राहिला, तर नफ्याच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा लागेल: वापरलेला द्रावक कोठे जाणार? कारण वेळवंडी व गुंजवणीचे पाणी नीरेला मिळते आणि नीरेचे पाणी पुढे बारामती-फलटणच्या शेतांत पोहोचते.