अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रे

आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब, मिलिमीटरमध्ये सुमारे ६४ बाय ८९, एवढ्या मापाचे हाताने केलेले चित्र. हौशी मंडळी त्याला नुसते ‘एटीसी’ म्हणतात. नियम दोनच : माप बदलायचे नाही आणि कार्ड विकायचे नाही. हवे असेल त्याने स्वतः केलेले कार्ड द्यायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे. या चौकटीत जलरंग, शाई, छापील कागद, कापड, धागा, तिकीट, टिकल्या, काहीही चालते. बहुतेक कार्डांवर यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र नांदतात, म्हणूनच ती मिश्र माध्यमातली कला ठरते.

हे माप खेळाडूंच्या छापील कार्डांवरून आले. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीची बेसबॉलची कार्डे १९५७पासून याच मापात निघू लागली आणि पुढे ते सर्वमान्य झाले. पोकरच्या पत्त्यांचे मापही हेच. त्यामुळे ही कार्डे ठेवायला नऊ कप्प्यांची पारदर्शक पाने बाजारात आधीपासून तयार होती. ए-फोर कागदातूनही अशी बरोबर नऊ कार्डे निघतात आणि कडेला थोडी पट्टी उरते.

या प्रथेची सुरुवात झुरिकची. तिथले कलावंत व्हेंची श्टिर्नेमान यांनी १९९७ मध्ये आपण केलेल्या १२०० कार्डांचे प्रदर्शन भरवले आणि शेवटच्या दिवशी आलेल्यांना स्वतःची कार्डे करून अदलाबदलीचे आमंत्रण दिले. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरी शहरात डॉन मेबी यांनी अशा बैठका सुरू केल्या. मेबी मूळचे टपालकलेतले. पत्र, पाकीट आणि शिक्के यांनाच कलाकृती मानून ती टपालाने एकमेकांना पाठवायची, ही टपालकला न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर फोफावली होती. गॅलरी नाही, दलाल नाही, किंमतही नाही, हा तिचा बाणा कार्डांनी जसाच्या तसा उचलला.

विक्रीची पळवाट मात्र लवकरच निघाली. २००४च्या सुमारास ईबे या संकेतस्थळावर याच मापाची, पण विकाऊ कार्डे दिसू लागली आणि त्यांना ‘एसीईओ’ हे वेगळे नाव पडले. त्यात चूक काही नाही. चित्रकाराने चित्र विकावेच. पण विकायचे ठरले की गिऱ्हाइकाची आवड आधी आठवते आणि हात आखडतो. अदलाबदलीत नवशिक्याचे वाकडे कार्ड आणि मुरलेल्या चित्रकाराचे सफाईदार कार्ड यांचा भाव एकच असतो. या छंदाची खरी गंमत तिथे आहे.

चित्रावर चित्राबाहेरच्या वस्तू चिकटवणे मात्र या कार्डांहून बरेच जुने. पिकासोने १९१२ मध्ये एका चित्रावर वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड गुंडाळला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, वेष्टने, रद्दीचे कपटे यांतून चित्रे रचली. पत्त्यावर चित्र चढवण्याची युक्ती तर याहून कितीतरी जुनी आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या दरबारात हान्स होल्बाइन आणि नंतर निकोलस हिलियर्ड तळहातावर मावतील अशी व्यक्तिचित्रे पातळ चर्मपत्रावर काढत आणि ते चर्मपत्र ताठ राहावे म्हणून मागे खेळायचा पत्ता चिकटवत.

मराठी वाचकाला यावरून सावंतवाडीचा गंजिफा आठवेल. हा गोल पत्ता चिंचोक्याच्या खळीने ताठ करतात, घोटून गुळगुळीत करतात, त्यावर चितारी हाताने रंगकाम करतात आणि शेवटी लाखेचा थर देतात. दशावतारी संचात असे १२० पत्ते असतात. गंजिफा खेळासाठी, ठरलेल्या चिन्हांत रंगवला जातो, एटीसीला असे बंधन नाही. पण आधी पाया ताठ, मग रंग, शेवटी संरक्षक थर हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

पाया हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तम, पण जुन्या लग्नपत्रिकाही अगदी कामाच्या : जाड, ताठ आणि घरोघरी साठलेल्या. पत्रिका चकचकीत असेल तर तिच्यावर ना डिंक धरतो ना रंग. बारीक पॉलिश पेपरने चकाकी मोडावी आणि जेसो (रंगाआधी द्यायचे पांढरे अस्तर) किंवा पांढऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात द्यावा. जुन्या पत्त्यांनाही हाच उपाय. मात्र आपल्याकडे मिळणारे बरेच पत्ते किंचित अरुंद असतात, तेव्हा पट्टी लावून माप घेतल्याशिवाय पत्ता वापरू नये.

कार्ड वाकडे होणे ही नवशिक्याची पहिली तक्रार. कागदाचे तंतू पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात; ओला थर एकाच बाजूला असेल तर त्या ओढीने कार्ड पन्हाळीसारखे वळते. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तितकाच ओला कागद चिकटवणे. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की कार्ड सपाट राहते. मग प्लास्टिकच्या कागदात धरून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे. फेव्हिकॉल थोडे पाणी घालून सारखे करून लावले तर गुठळ्या होत नाहीत, पण फार पातळ केले तर तलम कागदाला सुरकुत्या पडतात. तिथे ग्लू स्टिक बरी.

थरांचा क्रम समजायला एक कार्ड जवळून पाहावे. विषय आषाढातला पाऊस. पायावर जुन्या पंचांगाचे पान चिकटवलेले आहे. त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग इतका पातळ फिरवला आहे की नक्षत्रांची नावे अंधुक दिसतात, पण नीट वाचता येत नाहीत. अक्षरे ठसठशीत राहिली असती तर डोळा वाचतच बसला असता आणि चित्र बाजूला पडले असते. रंग वाळल्यावर निळीच्या छटेचा एक थेंब टाकून तो बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने वरून खाली ओढला आहे. त्याने आभाळाचे ओघळ आपोआप उमटले. खालच्या तिसऱ्या भागात काळ्या कागदातून कापलेली एक छत्री, मधोमध नव्हे, डावीकडे सरकवून. शेवटी पावसाच्या धारा : जुन्या साडीच्या काठातून उसवलेली चंदेरी जर, तिरक्या लांब टाक्यांत.

या टाक्यांना थोडी तयारी लागते. सुई थेट कागदात घुसवली तर कागद चुरगळतो, म्हणून कार्ड रबराच्या तुकड्यावर ठेवून आधी भोके पाडून घ्यायची. दोन भोकांत निदान तीन-चार मिलिमीटर अंतर हवे; जवळ पडली तर टपालतिकिटाच्या कडेप्रमाणे कागद तिथेच फाटतो. मागच्या गाठी कोऱ्या कागदाने झाकायच्या. त्याच कागदावर नंतर नाव लिहिता येते.

कोणते माध्यम कोणावर बसते, हे एकदा ध्यानात आले की बराच मनस्ताप वाचतो. मेणखडू किंवा तेलखडूवर जलरंग टिकत नाही. तो बाजूला पळतो आणि रेघ कोरी राहते. ही गंमत मुद्दामही करता येते. तेलखडूवर ॲक्रिलिक लावले तर ते काही दिवसांनी सोलून निघते, उलट ॲक्रिलिकवर तेलखडू छान बसतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले चित्र ओल्या डिंकाने पसरते, कारण त्याची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर वितळून बसते, तिला पाणी लागले तरी फरक पडत नाही. याच गुणावर चित्र उतरवण्याची पद्धत उभी आहे. कार्डावर ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेले ॲक्रिलिक) लावायचे, झेरॉक्स त्यावर पालथी घालायची, पूर्ण वाळू द्यायची आणि ओल्या बोटाने मागचा कागद हलके चोळून काढायचा. काळे चित्र कार्डावर राहते. ते उलटे उमटते, म्हणून मजकूर असेल तर झेरॉक्सच आरशातल्यासारखी उलटी काढून घ्यावी.

वर्तमानपत्राचा कपटा मोहक दिसतो, पण काही महिन्यांत पिवळा पडतो. स्वस्त कागदातले लिग्निन हवा आणि प्रकाशाने बदलते, त्यामुळे हे होते. जुनेपणच हवे असेल तर उत्तम; नसेल तर त्या मजकुराची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच वापरावी. ताज्या फुलापानांचेही तसेच : पुस्तकात पुरती वाळवल्याशिवाय चिकटवली तर ओल आतच राहते आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत बुरशी धरते. जाडीलाही मर्यादा आहे. मोठे बटण किंवा फुगीर मणी लावलेले कार्ड कप्प्यात जात नाही आणि टपालात शेजारच्या कार्डावर वळ उठवते.

कार्डाची मागची बाजू हा त्याचा दाखला. तिथे कार्डाचे शीर्षक, करणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहितात. एकच प्रत असेल तर ती ‘मूळ’. एकाच विषयावर वेगवेगळी कार्डे केली तर ती मालिका. एकसारखी मोजकीच कार्डे केली तर ती आवृत्ती, आणि तेव्हा २/५ असा अंक घालतात : पाचांतले दुसरे. अदलाबदल समोरासमोर होते किंवा टपालाने. टपालात संयोजक विषय आणि मुदत ठरवतो, प्रत्येकाकडून ठरावीक कार्डे मागवतो आणि ती आपसात वाटून परत पाठवतो. सोबत स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडायची रीत आहे. कार्डाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा द्यावा, म्हणजे टपालाच्या शिक्क्याचा मार त्यावर बसत नाही.

साठवताना एकच काळजी घ्यावी. ॲक्रिलिकचा थर वाळल्यावरही किंचित चिकट राहतो, आणि स्वस्त पीव्हीसीची पाने उन्हाळ्यात त्याला चिकटून बसतात. ओढून काढताना रंगही निघून येतो. दुकानात पॉलिप्रॉपिलीनची पाने मागावीत, आणि ती मिळाली नाहीत तर प्रत्येक कार्डावर बटर पेपरचा तुकडा ठेवूनच ते कप्प्यात सरकवावे.