व्ही. पी. सोडविताना



नभोवाणीवर बोलण्याचे निमंत्रण मला दूरध्वनीवरून आले, तेव्हा बोलण्याचा विषय कोणता, असे विचारण्यात आले. मी म्हटले, “व्ही. पी.” पलीकडील गृहस्थ वयाने तरुण असावेत. कोणत्या संस्थेचे व्ही. पी., असा त्यांचा पुढचा प्रश्न आला! ही दोन अक्षरे एका काळी खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसालाही ठाऊक होती. त्यांचा अर्थ आज फोड करून सांगावा लागतो, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. आपल्या देशात ही सोय १८७७ साली सुरू झाली. मुंबईच्या वा पुण्याच्या दुकानदाराला आपण पत्र लिहावे, त्याने माल बांधून आपल्या गावच्या टपाल कचेरीत द्यावा आणि आपणांस किती रुपये यावयाचे तो आकडा त्यावर लिहावा. पार्सल आपल्या गावी आले की पोस्टमन वर्दी देई. तो आकडा आणि मनिऑर्डरीचे कमिशन भरले म्हणजे पार्सल आपल्या हाती पडे व आपण भरलेले पैसे दुकानदाराकडे रवाना होत. यालाच ‘व्ही. पी. सोडविणे’ म्हणत. मुदतीत सोडविली नाही, तर ती आल्या वाटेने परत जाई. माझ्या वडिलांनी पोथ्या, पंचांगे व एक हातघड्याळ अशाच रीतीने मागविले होते.

या व्यवस्थेत एक मेख होती. पैसे आधी मोजावयाचे आणि दोरी मागाहून कापावयाची! दुकानदाराला पैसे बुडण्याचे भय उरत नसे. गिऱ्हाइकाला मात्र आत काय आहे याविषयी केवळ विश्वासावर विसंबावे लागे. या मेखेत माझे बोट कसे सापडले, ती हकीकत मला आज सांगावयाची आहे. माल होता घरगुती संगणकाच्या सामानापैकी एक नग, साल होते १९८९, आणि गाव आमचे कुही.

संगणक आणि टपाल यांची सांगड काही आम्ही घातलेली नव्हे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थाने १९६१ साली कंपनी काढली आणि रेडिओचे सुटे भाग टपालाने विकण्यास प्रारंभ केला. घेणाऱ्याने ते घरी बसून जोडावे. याच गृहस्थाने १९८० साली ‘झेडएक्स ८०’ हा संगणक काढला. तयार यंत्र हवे तर किंमत ९९ पौंड ९५ पेन्स, आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडावयाचे असल्यास ७९ पौंड ९५ पेन्स. नियतकालिकातील जाहिरातीचे कुपन कापावयाचे, धनादेशासह पाठवावयाचे आणि वाट पाहावयाची. अठ्ठावीस दिवसांत माल मिळेल, असा वायदा असे. तो नेहमीच पाळला गेला असे नाही. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी ‘क्यूएल’ नावाचे यंत्र जाहीर केले, तेव्हा ते पुरते तयारही झाले नव्हते. पैसे भरलेले लोक पुढे कित्येक आठवडे दाराकडे डोळे लावून बसले. म्हणजे न पाहिलेल्या वस्तूसाठी आधी पैसे मोजणारे भाबडे केवळ आपल्याकडेच होते, असे समजू नये.

त्यांचे सर्वांत गाजलेले यंत्र ‘स्पेक्ट्रम’, ते १९८२ सालचे. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि परदेशी भाग आणण्याची वाट काहीशी सुकर झाली. त्याच सुमारास सरकारने अडीचशे शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक बसविण्याची योजना हाती घेतली. आमची शाळा त्या अडीचशेंत नव्हती, हे सांगणे नलगे. पुढे १९८६ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन स्पेक्ट्रमची देशी आवृत्ती विक्रीस काढली. तिचे नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. सुमारे १९९० पर्यंत तिची काही हजार यंत्रे खपली.

त्यांतले एक, दुसऱ्याच्या हातचे, १९८८ च्या दिवाळीत मी नागपुरात विकत घेतले. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. आमच्या घरात त्यावरून काय बोलणे झाले, ते नभोवाणीवर सांगण्याजोगे नाही. नागपूर-नागभीड या अरुंद मापाच्या गाडीने मी ते धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर ठेवून आणले. ती गाडीही आता राहिली नाही. रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१९ साली ती बंद झाली.

हे यंत्र म्हणजे आडव्या पाटीएवढे एक काळे खोके. वरचा सगळा भाग कळांनी भरलेला. त्याला स्वतःचा पडदा नसे. घरातील दूरदर्शन संचाला ते तारेने जोडावे, की पडद्यावर अक्षरे उमटत. त्याची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ अक्षरांची. आणि तीही क्षणभंगुर! वीज गेली की सर्व पुसले जाई. म्हणून लिहिलेला कार्यक्रम साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावयाचा. टेपरेकॉर्डरमधून तो परत यंत्रात भरताना चार-पाच मिनिटे असा काही कर्कश आवाज निघे, की शेजारच्या काकू पहिल्या दिवशी, कुणाला काही लागले-बिगले का, म्हणून विचारावयास आल्या. आमच्या गावी वीज दिवसातून किती वेळा जाई, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. दर दहा ओळींनंतर कॅसेटवर उतरवून घ्यावयाचे, हा नियम मुलांनी न सांगता पाठ केला.

मुले म्हणजे माझ्या सातवीच्या वर्गातील अकरा विद्यार्थी. ती रविवारी सकाळी येत. मी मॅट्रिक झालेला मास्तर. यंत्राच्या पुस्तकातील इंग्रजी मी त्यांच्या एक पाऊल पुढे राहून वाचीत असे, आणि कधी कधी तेही जमत नसे. आम्ही अपूर्णांकांच्या बेरजेचा एक कार्यक्रम लिहावयास घेतला होता. छेद निराळे असले तर लघुतम साधारण विभाज्य यंत्राने कसा शोधावा, येथे आमचे घोडे तीन रविवार अडले. चौथ्या रविवारी एका मुलीने ते सोडविले. माझ्या डोक्यात ती युक्ती आली नव्हती, हे कबूल करण्यास आता हरकत नाही.

या यंत्राचे सारे सामान टपालाने येई. कोऱ्या कॅसेटी, इंग्रजी पुस्तके, एकदा खेळाचा दांडा, सर्व व्ही. पी.ने, आणि सर्व बिनतक्रार. त्यामुळे माझी भीड चेपली होती. १९८९ च्या उन्हाळ्यात विजेचा दाब एकाएकी चढला आणि यंत्राचा अडॅप्टर जळाला. मी मुंबईच्या एका दुकानाला पत्र लिहिले. सतरा दिवसांनी व्ही. पी. आली. आकडा १८५ रुपयांचा.

टपाल कचेरीतच दोरी कापण्याचा मला मोह झाला. पोस्टमास्तर म्हणाले, “गुरुजी, आधी पैसे भरून द्या, मग खोला. नियम आहे.” मी पैसे भरले. आत नवा कोरा अडॅप्टर होता. त्यावर ९ व्होल्ट असे स्वच्छ छापलेले होते. समाधान वाटले.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. अडॅप्टर भिंतीतील विजेचा दाब उतरवून ती यंत्राला एकाच दिशेने वाहणारी करून देतो. त्याच्या तारेच्या टोकाला नळीसारखी लहानशी पिन असते. पिनेच्या आतला भाग एक ध्रुव आणि बाहेरचा भाग दुसरा. काही उपकरणांना आत धन व बाहेर ऋण लागतो. काहींना याच्या उलट. दोन्ही जातींच्या पिना बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, एकमेकींच्या जागी बिनदिक्कत बसतात, आणि फरक असतो तो अडॅप्टरवर छापलेल्या मुंगीएवढ्या चिन्हात. स्पेक्ट्रमला आत ऋण लागतो. शिवाय त्याच्या स्मरणाच्या काही चकत्यांना तीन निरनिराळे दाब लागतात, आणि आलेल्या ९ व्होल्टांपासून त्यांतले काही तयार करून देण्याचे काम आत एक इवलासा ट्रान्झिस्टर करतो. वीज उलटी शिरली, की बहुधा प्रथम तो जातो, आणि जाताना काही चकत्यांना सोबत नेतो.

आलेल्या अडॅप्टरच्या पिनेत आत धन होता.

बाजारातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ मीटर होता. सकाळी त्याच्याकडे जाऊन तपासून घेतले असते तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण दुसरे दिवशी रविवार होता, मुले यावयाची होती, त्यांच्यापुढे यंत्र चालू करून ठेवावे अशी मला हौस. रात्री नऊच्या सुमारास मी पिन बसविली. पडदा उजळला नाही. थोड्या वेळाने जळल्याचा वास आला.

रविवारी मुले आली आणि परत गेली. सोमवारी मी पोस्टमास्तरांपुढे उभा राहिलो. ते जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि मग एक गोष्ट सांगितली, जी मला तोवर ठाऊक नव्हती. १८९८ च्या टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमान्वये सरकारला असा नियम करता येत असे, की फसवणुकीच्या प्रकरणी व्ही. पी.चे वसूल झालेले पैसे रोखून धरून ते गिऱ्हाइकाला परत द्यावे. (तो कायदा आता गेला; २०२३ चा नवा कायदा जून २०२४ मध्ये अमलात आला.) “तुमची मनिऑर्डर अजून इथंच आहे,” ते म्हणाले. “लेखी तक्रार द्या, मी वर पाठवतो. पण गुरुजी, कागदावर काय लिहू? फसवणूक लिहू की चूक लिहू?”

मी कार्बनची वही सोबत नेली होती. पत्राची नक्कल ठेवण्याची सवय मला वडिलांकडून लागली. ती उघडली. त्यात लिहिले होते, ‘स्पेक्ट्रम संगणकासाठी ९ व्होल्टचा अडॅप्टर एक’. ध्रुवाचा उल्लेख नव्हता. मी तो केला आहे अशी माझी रात्रभर खात्री होती. आता, स्पेक्ट्रमचे नाव दिलेले असता योग्य अडॅप्टर पाठविणे हे दुकानदाराचे काम, यात संशय नाही. पण फसवणूक म्हणजे जाणूनबुजून केलेला लबाडीचा व्यवहार. पार्सलात नवा, चालता, ९ व्होल्टचाच अडॅप्टर होता. कुणा कारकुनाने फळीवरून शेजारचे खोके उचलले असावे. मीही चिन्ह न पाहता पिन खुपसली होती.

१८५ रुपये थोडे नव्हते. ‘फसवणूक’ हा शब्द लिहिला तर ते परत मिळण्याचा संभव होता. ‘चूक’ लिहिले तर नियम लागू होत नव्हता. यंत्राचे नुकसान तर कोणत्याच शब्दाने भरून येणार नव्हते. पोस्टमास्तर लेखणी धरून थांबले होते. मागे पेन्शनच्या रांगेतील म्हातारी खोकत होती. मी म्हटले, “चूक.” त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मनिऑर्डर त्या दिवशीच्या थैलीत टाकली.

दुकानदाराला मी दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. तेव्हा मला राग आला, आणि टपाल कचेरीतील आपला शहाणपणा महागात पडला असेही वाटले. ते अगदी गेले आहे, असे आजही म्हणवत नाही.

मीटरवाल्या कारागिराने अडॅप्टर हातात घेऊन पाहिला. तारेत दोन धागे. ती मध्ये कापली, या धाग्याला तो आणि त्याला हा असे उलटे जोडले, वर काळी पट्टी गुंडाळली. पाच मिनिटे लागली. पैसे घेण्यास तो तयार होईना. “आधी आणला असता तर,” एवढे म्हणून त्याने मीटर परत पेटीत ठेवला.

यंत्राला ट्रान्झिस्टर आणि दोन चकत्या मिळवून, त्या बसवून घेण्यास चौदा महिने गेले. तोवर ती अकरा मुले सातवी उत्तीर्ण होऊन दुसऱ्या शाळांत गेली होती. त्यांतली तिघे एका रविवारी येऊन यंत्र चालू झालेले पाहून गेली. अपूर्णांकांची कॅसेट शाबूत होती. त्या मुलीची युक्ती पुढच्या वर्गाला मीच शिकविली, तिचे नाव सांगून. यंत्र १९९६ पर्यंत चालले.

अडॅप्टर मात्र अजून आहे. गेल्या वर्षी माझ्या नातीने शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘आर्डुइनो’ नावाची एक छोटी पट्टी मागविली. ती दुसऱ्याच दिवशी दारात आली. तिला ९ व्होल्ट चालतात आणि पिनेचे मापही नेमके तेच. नात पिन लावणार, तो मी तिचा हात धरला. आम्ही दोघांनी मिळून चिन्ह पाहिले: या पट्टीला आत धन हवा. तेव्हा ती जुनी काळी पट्टी सोडविली, धागे पुन्हा उलटे जोडले आणि मीटर लावून पाहिला. मुंबईहून आला होता, तसाच तो आता झाला आहे.